वरवंट्याखालचं पान

आधी ऐकून घ्या, नावं शेवटाला ठेवा.

मी नंदाबाई. तिकोणा पेठेत गडाच्या वाटंला माजं चहा-भज्याचं हाटेल हाय. आमचं मालक रखमाजी, माणूस सोन्यासारखा, पण तोंडाला झाकण न्हाई. आमच्या लेकीची, अपेक्षाची, दोन स्थळं ह्यांच्या तोंडानं गेली. पयल्या पाव्हण्याला म्हणाले, तुमी मिशी रंगवता त्ये लगीच कळतं. दुसऱ्याला बसल्या बसल्या सांगितलं, पोरगी घोरती, माज्यावर गेलीया.

तिसरं स्थळ इंदुरीचं. पोरगा आदिनाथ, गुलाबाच्या पॉलीहाऊसवर सुपरवायझर. अपेक्षाला त्यो मनापासनं आवडला व्हता. "आई, आबा ह्या वेळंला बोलले तर मी जन्मभर हितंच भजी तळत बसंन," म्हणाली, आन रडाय लागली.

आता मालकांची एक सवय सांगते. रोज अंघोळ झाली की डोळं मिटून पोथी उघडायची, बोट पडंल ती ओवी वाचायची, आन दिसभर तिचंच चिंतन. निस्तं चिंतन असतं तर मी हात जोडले असते. पण दिवसाचे सगळे निर्णय बी तिच्यावरच. दानाची ओवी निघाली तवा माजी नवी छत्री पुण्याच्या ट्रेकरला देऊन टाकली. सगळे जीव सारखे, असं निघालं तवा कुत्र्याला माज्या ताटात वाढलं. वर म्हणायचे, "लय सुख वाटतंय, नंदे." सुख त्येंना, ताट घासायचं मला.

मंग मी डोकं चालवलं. पोथीत एक पान हाय. बोलावं तर थोडं, खरं आन मऊ, न्हाई जमलं तर गप बसावं, असं त्यात सांगितलंय. पाव्हणं यायच्या आदल्या दिशी त्ये पान उघडून वर वरवंटा ठेवला, पार सकाळपातुर. देवाची माफी मागितली, पण वरवंटा काढला न्हाई. पोथी आपसूक तितंच उघडाय लागली.

सकाळी बरोबर त्येच पान निघालं. मालकांनी वाचलं, डोळं पुसलं, घळाघळा पाणी आलं, आन माणूस गपच झाला. मला वाटलं, काय हा भक्तिभाव.

पाव्हणं आले. पोहे झाले, चहा झाला. आदिनाथचे वडील दत्तोबा म्हणाले, "पाऊसपाणी कसं काय?" मालक हसले. "पोरगी किती शिकली?" मालक हसले. मीच आपली मधी मधी बोलून सांधत व्हते. शेवटाला दत्तोबा उठले.

"चला. पोरीच्या बापाच्या मनात न्हाई दिसत."

अपेक्षा दारात रिकाम्या ताटल्या धरून उभी. तिचं तोंड बघितलं आन माजा धीर सुटला.

"अवो, बोला की. त्ये पान देवानं न्हाई, मी उघडलं. वरवंटा ठेवलता त्यावर."

"ठावं हाय," मालक म्हणाले. "वरवंट्याची मिरची पानाला लागली व्हती. पान धरलेला हात डोळ्याला लागला. सकाळधरनं आग आग व्हतीया."

मी मेले की.

"मंग गप का बसला?"

"पान कुणी का उघडंना, लिवलंय त्ये खरंच हाय." मंग दत्तोबांकडं वळून हळू आवाजात म्हणाले, "पाव्हणं, एकच गोष्ट मनात घोळवत बसलोय, सांगू का नको. लग्नानंतर कळण्यापरीस आधी कळल्यालं बरं. पोरगी घोरती."

झालं. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

दत्तोबा पुन्ना खाली बसले. आदिनाथनं मान खाली घातली. त्याच्या आईनं घसा साफ केला.

"कसं सांगावं ह्याच घोरात आलतो आमी," ती म्हणाली. "आमचा आदिनाथ घोरला की शेजारी भिंत ठोकत्यात."

तितंच सुपारी फुटली. अपेक्षा आत जाऊन इतकी हसली की ताटल्या पडल्या.

दुसऱ्या दिशी अंघोळ करून मीच डोळं मिटून पोथी उघडली. निघणार काय, त्येच मिरचीच्या वासाचं पान. वाचलं. म्हणलं, बघू तरी, आन चहाला उकळी येईस्तवर एक शब्द बोलले न्हाई. खोटं कशाला सांगू, लय सुख वाटलं.

मालक मातूर घाबरून चुलीपाशी आले आन माज्या कपाळाला हात लावून बघाय लागले.

"नंदे, बरं न्हाई का गं तुला?"