लोट्यातला सुरा

घाटंजीच्या बाजारात माणसांवर माणसं पडत होती. एका फिरत्या बाबानं तांदळानं भरलेला पितळी लोटा "बोल मेरे लोटे!" म्हणत जमिनीवर दणादणा आपटला, त्यात सुरा खुपसला, काढला, परत परत खुपसला. मग सुरा वर उचलला, तर भरला लोटा त्याला लटकून आला! बायांनी हात जोडले.

विमलताई गर्दी सारत पुढं झाली.

"माही विजू यवतमाळले बी.एस्सी.त फिजिक्स शिकते. अख्ख्या तालुक्यात एकटी पोट्टी! उद्या तिचं प्रॅक्टिकल हाय. इचार तुह्या लोट्याले, कसं होते ते. त्याले समजत असन तं!"

लोक हसले. बाबा हसला नाही. त्यानं तांदूळ नव्यानं ओतले, सुरा अलगद खुपसला, उचलला. सुरा रिकामाच वर आला.

"मत भेजना, माई. रस्ते में घात है."

सकाळी विजू मोटरीला निघाली, तर विमलताईनं दाराला कुलूप घातलं.

"माय, वर्ष जाईन वं माहं!"

"वर्ष पुन्हा येते. तू येशीन का?"

मोटर गेली. विजू रडली नाही, तेच विमलताईला जास्त लागलं.

तिसऱ्या दिवशी विजूनं विचारलं, "बाबानं काय काय केलं, पहिलेपासून सांग." विमलताईनं सांगितलं.

"तुह्या वक्ताले लोटा आपटला का?"

"...नाही."

विजूनं तांब्यात तांदूळ ओतून सुरी खुपसली. उचलली, तर ती निसटली. मग तांब्या आपटला, सुरी वीसेकदा खुपसली, उचलली. तांब्या लटकला.

"दाबले का दाने सुरीले घट्ट धरते. याले घर्षण म्हनते, माय."

विमलताईचं तोंड उतरलं. पंचवीस हंगाम तिनं पायांनी तुडवून बोऱ्यांत कापूस भरला होता. दाबल्या बोऱ्यातून मूठभर ओढायला किती जोर लागतो, हे तिला कोणी शिकवायचं?

पुढच्या बाजाराला ती बाबासमोरच तांब्या घेऊन बसली. एकदा न दाबता, एकदा दाबून, दोन्ही करून दाखवलं. बाबा "श्रद्धा चाहिए, श्रद्धा!" म्हणत चटई गुंडाळू लागला.

गर्दीतला नागोराव हसला, "विमलताई, तुमी बी बाबा झाल्या का जी?"

"बाबा नाही, येडी झाली होती!" विजू शेजारीच उभी होती. विमलताई सगळ्यांकडं बघत होती, फक्त तिच्याकडं नाही. "मोठेपना मिरवाले गेली, अन् माह्या हातानं माह्या पोरीचं वर्ष खाल्लं. माह्यासारखं करू नोका, बाप्पा. कोनी चमत्कार दाखवला, तं हात जोडाच्या पहिले त्याच हातांनी करून पाहा!"