शेजारचा फुटवा

छप्पन सालच्या फेब्रुवारीत काओरच्या खोऱ्यात अशी थंडी पडली, की लो नदीने काठाकाठाने बर्फ धरलं आणि द्राक्षाची खोडं उभी चिरली. नोएलीच्या आजोबांनी लावलेली बाग ती. तिची वाइन इतकी गडद, की पेल्याआडून दिवा दिसत नसे. त्याच आठवड्यात नोएलीचे वडील, आन्सेल्म, अंगणात घसरले. कमरेचं हाड मोडलं आणि ते चुलीजवळच्या खाटेला खिळले. बाग जावयाच्या, लेऑन्सच्या हाती आली.

लेऑन्सने मार्चभर खोडं खरवडून पाहिली. आत काळं.

"मेली सगळी," तो जेवताना बायकोला म्हणाला. "ट्रॅक्टर सांगून ठेवलाय. तंबाखू लावू."

"मे संपेपर्यंत थांब. बुडातून फुटतील कदाचित."

"तू काय जमिनीत शिरून बघून आलीस?"

"बाबांना तरी विचार."

"विचारलं तर म्हातारा खोडांबरोबर मलाही पुरेल."

एप्रिलमध्ये तीन दिवसांत बाग उपटून झाली. बाबांना कळू द्यायचं नाही, हे नोएलीनेच ठरवलं. ट्रॅक्टरचा आवाज कसला, असं त्यांनी विचारलं, तेव्हा पलीकडे नांगरट चाललीय, म्हणाली.

शेजारच्या बातिस्तीनला नवरा नव्हता, मूलबाळ नव्हतं. उपटायला माणूस नाही म्हणून तिची बाग तशीच उभी राहिली. मेअखेरीस तिच्या निम्म्याहून जास्त खोडांना बुडाशी फुटवे आले. नोएली कुंपणाशी उभी राहून बघत होती. बातिस्तीनने एक फुटवा मोडून तिच्या हातात दिला.

"आन्सेल्मला दाखव. मला कलमं त्यानंच दिली होती."

बाबांनी पान उलटं करून अंगठ्याने चोळलं. "आपलंच," ते म्हणाले. नोएली सूप वाढायला वळली. त्या दिवशी कित्येक महिन्यांनी त्यांनी सूप संपत आल्यावर तिथल्या जुन्या रीतीप्रमाणे उरलेल्या सुपात वाइन ओतून घेतली आणि वाडगाच तोंडाला लावला. मग जावयाला हाक मारली.

"मला वाटलं होतं, तू घाई करशील. चुकलो मी. बाग राखलीस."

नोएलीने नवऱ्याकडे पाहिलं. तो जरा घुटमळला.

"तुमच्याकडूनच शिकलो," तो म्हणाला.

मग ते रोजचंच झालं. दिवसभर तंबाखूत राबून आला, की लेऑन्स खाटेशी बसून नसलेल्या बागेची खबर देई. कुठल्या ओळीत किती घड धरले, मोरचूद कधी फवारला. पहिल्यांदा चाचरत; पुढे पुढे त्याला त्यात गोडी वाटू लागली. सप्टेंबरात त्याने बातिस्तीनकडून एक घडही मागून आणला.

"तुझा नवरा माझी बाग छान सांभाळतोय म्हणे," बातिस्तीन नोएलीला म्हणाली.

ऑक्टोबरात बाबा गेले. जायच्या दोन दिवस आधी त्यांनी वाइन चाखायची चांदीची वाटी मागवली. घराण्यातली वस्तू; ती नोएलीची, असं तिच्या लहानपणापासून ठरलेलं. त्यांनी ती लेऑन्सच्या हातावर ठेवली.

"बाग ज्यानं राखली, त्याची ही."

नोएलीने तोंड उघडलं. बाबांचा चेहरा इतका निवांत होता, की तिने ते तसंच मिटलं.

दफन उरकून परतल्यावर लेऑन्सने वाटी कपाटावर मांडली.

"ती माझी आहे," नोएली म्हणाली. "तुलाही ठाऊक आहे."

"त्यांनी मला दिली."

"बाग उपटणाऱ्याला नव्हती दिली."

लेऑन्सने शांतपणे पाव मोडला. "ते पान घरात कोणी आणलं? मी?"



हिवाळ्यात छाटणी करताना बातिस्तीनने कलमांची जुडी कुंपणावरून पुढे केली. "ने. घरामागे लाव चार."

नोएलीने हात पुढे केला नाही. कलमं नेली असती, तर खड्डे लेऑन्सने खणले असते. आणि सासऱ्याची बाग जावयानं राखली, असं गावानेही म्हटलं असतं.

"माळ्यावर वाळत घातलेली तंबाखूची पानं उतरवायचीत," ती म्हणाली आणि घराकडे वळली.