सोळा ठिपके

माझ्या धाकट्या भावाला पसारा बघवत नाही. मोज्यांना इस्त्री करणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. आम्ही दोघं मिळून रेडिओ बनवतो आणि त्या दिवशी एका मोठ्या कंपनीचे खरेदीसाहेब तो पाहायला येणार होते. त्यांनी नाही म्हटलं असतं, तर वर्कशॉपला कुलूप लावून मला दिरांच्या ऑफिसात हांजी हांजी करत बसावं लागलं असतं.

रेडिओवर आलेला सिग्नल आम्ही स्क्रीनवर ठिपक्यांनी काढतो. सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी तयार फंक्शन असतं. आकडे दिले की चित्र येतं. आमच्या सिग्नलचे सोळा पुंजके दिसायला हवेत, चार रांगांत चार-चार. हवेत गोंगाट असतोच, त्यामुळे प्रत्येक पुंजका थोडा विस्कटलेला दिसतो.

साहेब आले. भावाने ऐटीत चित्र उघडलं. टाचणीच्या टोकाएवढे सोळा ठिपके, कवायतीला उभे! इतकं नीटनेटकं हवेतून काहीच येत नाही.

साहेब मात्र खूश. सहज म्हणाले, "जरा अँटेना काढून दाखवा."

भावाने काढली. ठिपके जागचे हलले नाहीत.

"वा! मग अँटेना नकोच आम्हाला."

मी भावाला कोपऱ्यात ओढलं. "काय करून ठेवलंयस?"

"काही नाही गं. भरकटलेला प्रत्येक ठिपका जवळच्या जागेवर नेऊन बसवला. कोडच्या एका ओळीचं काम. किती घाण दिसत होतं ते!"

असला खोटा माल विकून मला झोप लागली नसती. मी ती ओळ खोडली आणि साहेबांसमोर पुन्हा चित्र काढलं. अँटेनाशिवाय स्क्रीनभर नुसता सडा. अँटेना लावल्यावर सोळा पुंजके, विस्कटलेले, पण एकमेकांत न मिसळलेले.

"हा खरा," मी म्हणाले. "चांगला आहे. फक्त देखणा नाही."

साहेब म्हणाले, "रेडिओचं नंतर बघू. तुमचा भाऊ द्या आम्हाला. आमच्या वार्षिक अहवालातले आलेख फार वेडेवाकडे येतात हो."

माझं डोकंच फिरलं. "भाऊ सुटा मिळत नाही! रेडिओ घ्या, बसवून द्यायला तो येईल. अहवालाला हात लावणार नाही."

साहेब खो खो हसले आणि हसता हसताच त्यांनी ऑर्डरवर सही केली.

ते गेल्यावर भाऊ गाल फुगवून बसला. "मला परस्पर पाठवून मोकळी झालीस. निदान विचारायचंस तरी, ताई!"

"तू विचारलं होतंस त्या ठिपक्यांना?"