चोरांसाठीचा शेवट

मार्सेलाने टॅबलेट आईच्या हातातून काढून घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला.

"माझी कादंबरी यात कुणी घालून दिली तुला?"

"डेल्बर्टनं. अक्षरं मोठी होतात म्हणे यात." फिलोमीनने रोटीचा तुकडा चहात बुडवला. "तू पुस्तक आणशील म्हणून वर्षभर वाट बघितली. वाचून झाली मागच्या महिन्यात."

शहरांतले दिवे कायमचे विझल्यावर याच सरोवराकाठची माणसं कशी तगली, त्याची ती कादंबरी. डेल्बर्टने, मार्सेलाच्या सख्ख्या चुलतभावाने, ती न वाचताच स्कॅन करून अख्ख्या रिझर्व्हवर, मूळनिवासींच्या या राखीव वस्तीत, फुकट वाटली होती. वर तोंड करून म्हणाला, "आपलीच गोष्ट ना गं ताई, मग आपल्यांकडून कसले पैसे?" गोष्ट मागायला जाताना म्हाताऱ्यांपुढे तंबाखूची पुडी ठेवायची ही आपली रीत, एवढंही या मेल्याला कुणी शिकवलं नव्हतं? ग्रंथालयात प्रती धूळ खात पडल्या होत्या.

मग तिनेही डाव साधला. हुबेहूब चोरीची वाटेल अशी एक प्रत तिने स्वतःच गुपचूप पसरवली, फक्त शेवट बदलून; अक्षरं स्वच्छ म्हणून सगळ्यांनी तीच घेतली, डेल्बर्टनेही. खऱ्या पुस्तकात सगळ्यांना जगवणारी आजी वसंत बघते. चोरांच्या प्रतीत तिचीच माणसं तिला गोठलेल्या सरोवरावर विस्तवाशिवाय सोडून जातात, आणि पहिली पाठ फिरवते ती तिची लेक. बसा रडत, फुकट्यांनो! डेल्बर्ट खरंच रडला असं कानावर आलं, त्या रात्री मार्सेलाला गाढ झोप लागली होती.

"ती म्हातारी डाव्या पायाने लंगडते," फिलोमीन म्हणाली. "चहात रोटी बुडवते."

मार्सेलाने पालथा टॅबलेट आणखी दूर सरकवला.

"मीच ना ती?"

"आई, तो शेवट खोटा आहे. चोरांसाठी लिहिला होता मी."

"पण लिहिलास तूच ना?"

मार्सेलाने घाईघाईने पिशवीतून ग्रंथालयाचं मोठ्या अक्षरांचं पुस्तक काढलं. आज ती तेच द्यायला आली होती. "हे खरं. शेवटचं प्रकरण मी वाचून दाखवते तुला. आत्ताच्या आत्ता."

फिलोमीन उठली, लंगडत फडताळापाशी गेली आणि तंबाखूची पुडी आणून लेकीपुढे ठेवली. मार्सेलाला हायसं वाटलं. तिने पान उघडलं.

"आत्ता नाही," फिलोमीन खुर्चीत टेकत म्हणाली. "गोष्टी बर्फ असेपर्यंतच सांगायच्या. बर्फ गेला. पुन्हा पडला की ये."

"अगं, त्याला अजून सहा महिने आहेत! तोवर काय?"

"तोवर मी आहे की तिथेच. सरोवरावर."

मार्सेलाने खिडकीबाहेर पाहिलं. शेडच्या सावलीत, हिवाळाभर रस्त्यावरून लोटलेल्या बर्फाचा ढीग अजून कमरेएवढा होता. काळपट झालेला, पण बर्फच. ती आईला सांगायला वळली.

आई चहाचा घोट घेत त्या ढिगाकडेच बघत होती.