नैवेद्याची कढई

आमच्या गावात कुणाला काय झालंय हे त्या माणसाच्या घरच्यांआधी पाराला कळतं. मी कर्जतहून रिक्षानं परतले, पाय जमिनीला लागतो न लागतो तोच पारावरून भागूबाईनं विचारलं, "ताई, साखर निघाली म्हनं तुमाला?" भागूबाई ही माझी धाकटी जाऊ. तिचा दोष नाही. वाटभर मी रिक्षात रडत होते, आणि आमच्याच गावच्या रिक्षावाल्यानं कारण विचारून वाटेतूनच गावात फोन केला होता.

झालं होतं असं, की भातकापणीत विळा बोटाला लागला आणि दिवाळी उलटली तरी जखम भरेना. डॉक्टरांनी बोट बघितलं आणि रक्त तपासायला पाठवलं. उपाशीपोटी दोनशे बारा. "वनिताबाई, मधुमेह आहे. गोड बंद, भात कमी, रोज चालायचं, गोळी चुकवायची नाही," असं त्यांनी एका दमात सांगितलं. भात कमी म्हणजे काय? आमच्याकडे भात खाल्ला तरच जेवण झालं म्हणतात.

पण मी भातासाठी रडले नव्हते. मला आठवली ती हनुमान जयंतीची कढई. त्या दिवशी आमच्या देवळात हजार पानं उठतात, आणि नैवेद्याची लापशी गेली वीस वर्षं मी करते. सासूबाईंनी जाताना दागिन्याला हात लावला नाही, लापशी ढवळायचा लांब दांड्याचा सराटा तेवढा माझ्या हातात दिला. नैवेद्य दाखवून झाला की प्रसादाची पहिली वाटी करणारणीची, अशी गावाची रीत आहे. वर्षभर मी कुणाची सून, कुणाची बायको, कुणाची आई असते. त्या एका दिवशी मी वनिता असते.

पहिला महिना मी मूर्खपणात घालवला. कुणीतरी सांगितलं, नाचणीनं साखर उतरते. मग काय, मी नाचणीला औषध समजून जेवायला लागले. सकाळी दोन भाकऱ्या, दुपारी तीन, रात्री पुन्हा दोन. औषध जितकं जास्त तितका गुण लवकर! महिन्यानं बघते तर साखर होती तिथून वर. माझी सून नम्रता शांत पोरगी, पण त्या दिवशी तिनं कपाळावर हात मारला. "आई, औषध म्हणून कुणी सात भाकऱ्या खातं का?"

तिनं मग माझं ताट मांडून दिलं. अर्ध्या ताटात भाजी, एक भाकरी किंवा एक वाटी भात, आणि वालाचं बिरडं नाहीतर डाळ. बोट टोचून साखर बघायचं यंत्र तिनंच आणलं. आमच्या ह्यांनी, म्हणजे दत्तांनी, रसायनीच्या कारखान्यातून येताना कॅनव्हासचे बूट आणले. नऊवारीखाली बूट घालून मी पळसदरीच्या धरणापर्यंत चालायला लागले. शनिवार-रविवारी सहलीला येणारे वळून वळून बघायचे. बघा म्हटलं, फुकट आहे.

सगळ्यात कठीण गेला तो चहा. आमच्याकडे बिनसाखरेचा चहा पुढे करणं म्हणजे पाहुण्याचा अपमान. "नको गं साखर" म्हटलं की समोरची म्हणायची, "थोडीशीच घातलीय," आणि ती थोडीशी दोन चमचे असायची. शेवटी मी गावभर सांगून टाकलं, ज्या घरात साखर घालतील त्या घरात मी पाणी पिऊन उठेन. चार घरं रुसली. रुसू देत, त्यांच्या रुसव्यानं माझं बोट भरणार नव्हतं. बोट भरलं ते माघात, चालण्यानं आणि गोळ्यांनी.

आणि नेमकी माघातच देवळात हनुमान जयंतीच्या भंडाऱ्याची बैठक झाली. अध्यक्ष नामातात्या. नात्यानं माझे चुलत सासरे, मनानं वाईट नाहीत, पण हातात माईक आला की माणूस आवरत नाही. समोर वीस माणसं होती तरी त्यांनी माईक घेतला.

"वनितेच्या हातची लापशी आमी ईस वर्सं खाल्ली. पन आता तिला साखर झालीया. साखर झालेल्या मान्साच्या हाती गोडाची कढई कशी द्यायची? चव घेतल्याबिगर गोड जमंल का? औंदा भागूबाई कढई घेईल."

सगळ्यांनी माना हलवल्या. लाज वाटते सांगायला, पण मीसुद्धा हलवली. तोंडात मारल्यासारखी घरी आले आणि सराटा भागूबाईकडे पोचता केला. त्या रात्री जेवले नाही. सकाळी नम्रता एवढंच म्हणाली, "आई, कढई गेली म्हणून चालणं सोडायचं नाही." सोडलं नाही. उलट रागानं धरणाला दोन फेऱ्या मारू लागले.

हनुमान जयंतीला सूर्योदयाला देवाचा जन्म झाला, पाळणा झाला, आणि देवळामागे चुली पेटल्या. मला नारळ खोवायला बसवलं होतं. मी खाली मान घालून खोवत होते, पण नाक आणि कान कढईकडेच होते. भागूबाईनं दलिया तुपावर भाजला. वास बरा सुटला. उकळतं पाणी घातलं. थोड्या वेळानं तिनं गुळाचं पातेलं उचलायला सांगितलं.

सराटा अजून खडखडत होता. गहू फुलला की तो आवाज जातो, सराटा जड होतो आणि लापशी फदफदू लागते. त्याआधी गूळ पडला तर दाणा तसाच कडक राहतो. मग दिवसभर ढवळा, शिजणार नाही.

भागूबाईलाही शंका आली असावी. तिनं पळीत थोडी लापशी घेतली, फुंकर मारली आणि तोंडाशी नेली.

"अगं ए!" नामातात्या माईकवरूनच ओरडले. "देवाच्या आधी चाखतीस व्हय?"

"मंग कळंल कसं मला?" भागूबाई रडकुंडीला आली. "चाखल्याबिगर अंदाज येत नाय, तात्या!"

माझ्या हातातला नारळ हातातच राहिला. वीस वर्षं! वीस वर्षांत नैवेद्याआधी त्या लापशीचा एक दाणा माझ्या जिभेला लागला नव्हता. सासूबाईंनी शिकवलंच तसं होतं, नाकानं, कानानं, बोटांनी. आणि चव घेता येणार नाही म्हणून गावानं माझी कढई काढून घेतली, आणि मी मान हलवली!

मी उठले, पदर खोचला. "भागू, गूळ खाली ठेव. तात्या, तुमीच सांगा, ईस वर्सं मी काय चाखून करत व्हते?"

तात्यांनी माईक तोंडापासून लांब केला. असं आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

मी पळीतला दाणा चिमटीत दाबला. आत पांढरा कण होता. पाणी वाढवलं, जाळ कमी केला, झाकण ठेवलं. भागूबाईला जवळ उभं करून म्हटलं, "आता आवाज ऐक." खडखड हळूहळू बसत गेली. दाणा बोटांत विरघळला तेव्हा गाळलेला गूळ ओतला, खोबरं, जायफळ, वेलची घातली. वास पाराच्या पलीकडे गेला असणार, कारण तिथली पोरं धावत आली.

नैवेद्य झाला. पहिली वाटी माझ्यापुढे आली. हजार डोळे माझ्या हातावर. आता ही खाते की काय, आणि खाल्ली की पडते की काय! मी दोन बोटांवर मावेल एवढी लापशी घेतली, डोळे मिटून खाल्ली. अप्रतिम झाली होती, माझं मीच सांगते. बाकीची वाटी भागूबाईच्या हातात दिली. "पुढल्या वर्सी तू माझ्याबरूबर उभी रहा."

मग भाजी आणि वाटीभर भात जेवले, बूट घातले आणि धरणापर्यंत जाऊन आले. जेवणानंतर दोन तासांनी यंत्रावर एकशे अडतीस. नम्रतानं तो आकडा ह्यांना कारखान्यात फोनवर दोनदा वाचून दाखवला. त्याच आठवड्यात तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अहवाल आला. नऊ पूर्णांक चारवरून सहा पूर्णांक सहा. डॉक्टर म्हणाले, "असंच चालू ठेवा." मी म्हटलं, "न ठेवायला काय झालं!"

पण खरी गंमत दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. मी बूट घालतच होते, तेवढ्यात नामातात्या मागच्या दारानं आले. पुढच्या दारानं आले असते तर पाराला दिसले असते.

"वनिते, तुझं ते बोटाचं यंत्र हाय का गं? सारखी तहान लागते. उपाशीच आलोय."

मी बोट टोचलं. तात्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. दोनशे चाळीस.

"किती हाय?"

मी यंत्र त्यांच्यासमोर धरलं. एवढा मोठा माणूस एकदम लहान दिसायला लागला. मला कर्जतहून परतलेली ती रिक्षा आठवली. पण जीभ माझी आहे, ती काय ऐकते!

"तात्या, आता साखर झालेल्या मान्साच्या हाती माईक कसा द्यायचा?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग असे हसले की डोळ्यांत पाणी आलं. मी आत जाऊन बिनसाखरेचा चहा केला आणि कप त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"प्या. उद्या कर्जतच्या डॉक्टरांकडं मी येते तुमच्यासंगं. आनि परवापासून धरनापर्यंत चालायचं. पायात बूट घाला, चप्पल नको."

तात्यांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, पण कप रिकामा करूनच खाली ठेवला.