मिळेल की बंद

“आधी वास घे, मग चिठ्ठी वाच. चिठ्ठी एखादवेळी खोटं बोलेल, नाक नाही बोलणार.”

निवृत्त झालेल्या आत्याबाईंचं हे जुनं वाक्य आठवतच ताईंनी काचनळीचं बूच काढलं. आतल्या आगरावर, म्हणजे तिरप्या थिजवलेल्या खाद्यावर, यीस्टची पांढुरकी साय धरली होती. पिकल्या सफरचंदाचा वास आला. ताईंनी हलकेच मान डोलावली.

“वासाचा रकाना नाही हो माझ्याकडे,” संगणकावरचे भाऊ पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. “नाव, क्रमांक, उपयोग, आणि मिळेल की बंद. तेवढं सांगा, म्हणजे जेवणाआधी हे कपाट उरकेल.”

कंपनीची सगळी उत्पादनं आता संकेतस्थळावर शोधता येणार होती. शब्द टाकायचा, यादी समोर. पूर्वी माणसं फोन करत. ‘पाव दगडासारखा होतो हो, काहीतरी द्या,’ म्हणत. मग आत्याबाई त्यांच्या पिठापासून पाण्यापर्यंत सगळ्याची उलटतपासणी घेत आणि शेवटी म्हणत, ‘तुम्हाला नवं काही नको, भट्टी नीट तापवा.’ साहेब कपाळाला हात लावत. ताई त्याच फोनशेजारी बसून काम शिकल्या होत्या.

“हिचं काय करायचं?” भाऊंनी विचारलं. “कित्येक वर्षांत कुणी मागितलेली नाही. मागणी नाही ते बंद टाका, असं साहेबांनी सांगितलंय. बंद म्हणजे फ्रिजमधूनही बाहेर.”

जुन्या प्रयोगशाळेच्या मागच्या भिंतीवर द्राक्षाची वेल होती. तिच्या घडावरून आत्याबाईंनी हे यीस्ट वेगळं काढलं होतं. भिंत पडली, वेल गेली, तिथे आता गाड्या लागतात. यीस्ट मात्र नाजूक. गोठवलं की पुन्हा उठायचं नाही. दर महिन्याला नव्या आगरावर हलवावं लागे. निवृत्त होताना आत्याबाई म्हणाल्या होत्या, “मला दोन्ही मुलगेच. ही माझी धाकटी. उपाशी ठेवू नकोस हं तिला.”

“नाही ठेवणार,” ताई म्हणाल्या होत्या.

“थांबा जरा,” भाऊंना म्हणत ताईंनी आत्याबाईंच्या घरी फोन लावला. सुनेने तो आत्याबाईंच्या हाती दिला.

“आत्याबाई, मी बोलतेय. धाकटीबद्दल विचारायचं होतं.”

“कोण गं धाकटी?”

“आपलं यीस्ट. मागच्या वेलीवरचं.”



“वेल होती का गं आपल्याकडे? असेल बाई. तू जेवलीस?”

“जेवायचंय अजून.”

“मग जेव आधी. आवाज दमलाय तुझा.”

ताईंनी फोन ठेवला. चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला.

“काय म्हणाल्या?”

“त्यांना आठवत नाही आता.”

भाऊंनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. मग मायेनेच म्हणाले, “मग सुटलात की ताई. त्यांनाच आठवत नाही, तर तुम्हाला कोण विचारणार? टाकू बंद?”

“मिळेल, असं लिहा.”

“आणि साहेबांनी विचारलं, हे सांभाळणार कोण, तर?”

“माझ्याकडे पाठवा त्यांना.”

भाऊ हसले आणि त्यांनी कळ दाबली. ताई उठून आतल्या खोलीत गेल्या. ताज्या आगराची एक नळी काढली, बर्नर पेटवला आणि धाकटीला नव्या नळीत हलवायची तार लाल होईपर्यंत ज्योतीत धरून उभ्या राहिल्या.