एकवाल्यांच्या दफनभूमीत तीनवाला

होमोरोद नदीच्या खोऱ्यातल्या त्या गावात देवावरून दोन तट होते. देव एकच आणि येशू म्हणजे थोर माणूस, असं मानणारे युनिटेरियन म्हणजे एकवाले. आणि बाप, पुत्र, पवित्र आत्मा अशा तिघांत एकच देव पाहणारे कॅथलिक म्हणजे तीनवाले. दफनभूम्याही वेगळ्या. पण दगडावर अक्षरं कोरणारा नि रंगवणारा गावात एकच उरला होता, गाश्पार, आणि तो पक्का तीनवाला. त्यामुळे दर ऑक्टोबरात, मृतांच्या सणाआधी, हा गृहस्थ एकवाल्यांच्या दगडांपुढे गुडघे टेकून सोनेरी रंगात 'देव एक आहे' ही ओळ उजळत बसे, आणि प्रत्येक दगडानंतर गुपचूप छातीवर क्रूस काढी. कुणी पाहिलंच, तर कोटाचं बटण लावल्याचं सोंग करी.

यंदा देनेशचा दगड त्याने मुद्दाम शेवटी ठेवला. देनेशची विधवा बोर्बाला शेवंतीची कुंडी घेऊन तिथे येणार, हे त्याला ठाऊक होतं. ईस्टरला त्याने तिला लग्नाचं विचारलं होतं, जन्मभर एकटं राहून, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी! "बघू," एवढंच ती म्हणाली, आणि तेव्हापासून सहा महिने नुसती बघतच होती.

अडचण त्या दगडातच होती. इथल्या रीतीप्रमाणे नवरा गेला की बायकोचंही नाव खाली कोरून घेतात, फक्त मृत्यूचं साल मोकळं सोडतात. देनेशच्या खाली बोर्बालाचं नाव नऊ वर्षांपूर्वी गाश्पारनेच कोरलं होतं. आता त्याला स्वतःच्याच हाताचा राग येत होता.

"चाळीस दगडांवर 'देव एक' लिहिलंस," बोर्बाला बाकावर टेकत म्हणाली, "अजून डोक्यात शिरत नाही का रे?"

"मीही एकच म्हणतो की. आमची घंटा घे. घंटा, लोलक आणि नाद. किती घंटा झाल्या?"

"लोलक चोरीला गेला तरी घंटा उरते. तुझ्या देवातला एक चोरीला गेला तर?"

"देव चोरणार कोण, बाई?"

"मोजायला लागलं की चोर येतातच. आणि तिघांतला ऐकतो कोण? कचेरीत तीन खिडक्या असल्या की हा तिकडे पाठवतो, तो इकडे."

"आणि एकच खिडकी असली की रांग हलत नाही!"

ती खळखळून हसली. इथेच थांबला असता तर बरं झालं असतं, पण गाश्पारला थांबवेना.

"एक सांग, बोरी. जग व्हायच्या आधी तुझा देव एकटा काय करत होता?"

"त्याला काय कमी? देव आहे तो."

"बोलायचा कुणाशी? माया कुणावर करायचा?" ब्रश हवेतच राहिला. "एकटं राहणं काय असतं, ते मला विचार. एका माणसाचं सूप करावं तर तेही उरतं. देवाचे असे हाल झाले असतील, हे मला सोसवत नाही. म्हणून मी तीन म्हणतो. पाद्रीबाबांची कारणं मला कळत नाहीत."

बोर्बालाने कुंडीतलं एक वाळकं पान खुडलं.

"सगळ्या गावाची नावं कोरलीस. तुझं कुठे आहे रे?"

"कुठेच नाही."

ती उठली, दगडापाशी वाकली आणि आपल्या नावाखाली हाताने मोजलं. "दीड वीत जागा आहे. अक्षरं बारीक काढ."

गाश्पारने ब्रश रंगाच्या डब्यात टाकला. "इथे? एकवाल्यांत? आणि देनेश काय म्हणेल?"

"देनेशला पत्ते खेळायला कायम तिसरा भिडू लागायचा."

गाश्पारचे डोळे भरून आले. पण गप्प बसेल तर तो गाश्पार कसला! "म्हणजे बोरी, दगड एक, आणि तिघं—"

"पुढे एक शब्द बोललास तर हा डबा डोक्यावर ओतीन," ती म्हणाली. "जा, तुझ्या पाद्र्याला लग्नाची तारीख विचारून ये."